ओलीचा आवाज

गरड मॅडम चिडल्या की भांडत नसत. प्लग काढत. स्टाफरूममधल्या टीव्हीवर कुणी मॅच लावून आवाज वाढवला, की त्या उठायच्या, भिंतीतला प्लग उपसायच्या आणि परत येऊन पेपर तपासायला बसायच्या. कुणी काही बोललंच तर "रिमोट सापडत नव्हता," एवढंच उत्तर. एकदा त्यांनी प्राचार्यांच्या खोलीतला कूलर असाच बंद केला होता, कारण त्या घरघरीत सरांचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मे महिना होता. सर घामानं निथळत त्यांची तक्रार ऐकत बसले.

धाराशिवच्या आमच्या तंत्रनिकेतनात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, मी गणित. टेबलं शेजारी शेजारी. वयानं मी मोठी, म्हणून मला नंदाताई म्हणायच्या. मी मात्र शेवटपर्यंत गरड मॅडमच म्हणत राहिले; शैलजा अशी हाक मारायचा धीर झाला नाही. उंच, काटक बाई. केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात बऱ्याचदा खोचलेला टेस्टर. चहा बशीत ओतून, फुंकर मारून प्यायच्या आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत.

"मोघम बोलू नका" हे त्यांचं वाक्य सगळ्या कॉलेजला पाठ होतं. मुलगा म्हणाला, मॅडम, सर्किट चालत नाही, की "मोघम बोलू नका. काय चालत नाही?" शिपाई म्हणाला, साहेब जरा रागात आहेत, की "जरा म्हणजे किती?" मुलं पाठीमागं नक्कल करायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. नक्कल नीट जमली नाही तर मात्र त्या वर्गात ती दुरुस्त करून दाखवायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांनी स्टाफरूमच्या खिडकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून ठेवला. आत एक लहानसं सर्किटचं कार्ड आणि स्पीकर. डब्यातून निघालेली वायर गच्चीवर गेली होती, आणि गच्चीवर ऊन, दमटपणा आणि वारा मोजणारी साधनं बसवलेली होती. तिथले आकडे सतत खाली यायचे आणि कार्ड त्या आकड्यांचा आवाज करायचं. रेकॉर्ड केलेलं काही नव्हतं. आकडा येईल तसा आवाज तिथल्या तिथं घडत होता. ऊन चढलं की सूर चढायचा. हवा कोरडी पडली की खरखर वाढायची. वारा सुटला की सगळा आवाज हेलकावे घ्यायचा.

ऐकायला म्हणाल तर अजिबात गोड नव्हतं. सकाळी जुन्या मिक्सरसारखं घुमायचं आणि दुपारी अक्षरशः केकाटायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी डोकी धरली.

हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, उन्हाळा हाय हे कळायला मशीन कशाला? कपाळाला हात लावला की कळतंय."

"तुमच्या कपाळाला गच्चीवरचं कळतं का?" मॅडम म्हणाल्या.

"ह्यात बासरी न्हाय का बसवता येणार? कानाला बरं वाटंल."

हे बासरीचं पुढं त्यांच्या मागंच लागलं. ज्यानं डबा ऐकला त्यानं बासरी मागितली. कुणी तंबोरा सुचवला, कुणी पावसाचा आवाज. मॅडमना गाणं अजिबात येत नव्हतं. कॉलेजच्या प्रार्थनेलाही त्या नुसते ओठ हलवायच्या. "गोड करणं सोपं आहे हो, नंदाताई," त्या म्हणायच्या. "पण आकडा वाईट असला तरी आवाज गोडच आला, तर ऐकणाऱ्याला काय कळणार?" शेवटी प्राचार्यांनी डबा प्रयोगशाळेत हलवायला लावला. मॅडमनी तो उचलून नेला आणि नंतर बरेच दिवस आमच्यातल्या कुणाशीही त्या धड बोलल्या नाहीत.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला कँटीनमध्ये कळलं. तेही त्यांची बशी रिकामी झाल्यावर.

त्यांचं माहेर बेंबळीचं. वडिलांना आबा म्हणायचे. काचबिंदूनं आबांची नजर गेली होती. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झालेला. तरी ते काठीनं चाचपत रोज रानात जायचे. एकदा बांधावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून घरच्यांनी त्यांचं रान बंद केलं. शेती आता धाकटा भाऊ दत्ता बघायचा, आणि आबा ओसरीत बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे, आमच्या रानाकडनं आलास का, पिकाचं कसं हाय?

"सगळे म्हणतात, झकास हाय, आबा," मॅडम सांगत होत्या. "बघितलेलं कुणीच नसतं. ज्याला दिसत नाही त्याच्याशी लोक असं मोघम बोलतात. त्याला खरं-खोटं करता येत नाही ना."

त्यांनी आधी रानात ओल मोजायचं साधन पुरून पाहिलं होतं. आकडा फोनवर यायचा आणि तो त्या आबांना कळवायच्या. आबा म्हणाले, "ओलीला कुठं टक्के असत्यात व्हय?" म्हणून मग आवाज. स्टाफरूममधला डबा ही त्याची रंगीत तालीम होती, आणि आम्ही तिला बासरी मागत बसलो होतो.

त्या डब्याचं पुढं व्हायचं तेच झालं. प्राचार्यांना एका प्रदर्शनाचं बोलावणं आलं आणि ज्या डब्याला त्यांनी हाकललं होतं, तोच कॉलेजची शान म्हणून पाठवायचं ठरलं. मॅडमनी येडशीला, रामलिंगाच्या जंगलालगत एका ओळखीच्या माणसाच्या शेतात साधनं लावली. तिथलं ऊन-वारं प्रदर्शनाच्या हॉलमध्ये जसंच्या तसं ऐकू येणार होतं. मी आणि दोन मुलींनी बसून फलक रंगवला.

सकाळभर आवाज सुरेख चालला. प्रमुख पाहुणे दारात आले आणि नेमकी येडशीची रेंज गेली. डबा मुका झाला. मॅडम फोन कानाला लावून बाहेर गेल्या. तेवढ्यात आयोजकांपैकी एका शहाण्यानं स्वतःचा मोबाईल स्पीकरला जोडला आणि पाखरांची किलबिल लावून दिली. किलबिलीच्या मागं बासरी होतीच.

पाहुण्यांनी डोळे मिटले. "वा," ते म्हणाले, "प्रत्यक्ष जंगलात उभं राहिल्यासारखं वाटतंय."

मॅडम आत आल्या, क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या आणि टेबलाखाली वाकून त्यांनी प्लग काढला. "साहेब, हा आवाज येडशीचा नाही," त्या म्हणाल्या. "मोबाईलमधला आहे. येडशीला आत्ता रेंज नाही, त्यामुळं आमच्याकडं आत्ता काहीच आवाज नाही."

पाहुणे हसले, "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. तिथं मातीच्या ज्वालामुखीतून फेस निघत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं सांगायचं तर मलाही मॅडमचा राग आला. एवढं अंग मोडून काम केलेलं, अजून दोन मिनिटं गप्प बसल्या असत्या तर काय बिघडत होतं? संध्याकाळी हॉल रिकामा होऊन कामगार खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा येडशी परत आली. डबा आपला खरखरत, हेलकावत बोलत राहिला. ऐकायला आम्ही दोघी होतो.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बेंबळीचं काम पुरं केलं. रानात गहू पेरला होता. तिथं खांब रोवून त्याच्यावर सौर पॅनेल, ऊन मोजायचं साधन आणि वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या लावल्या, खांबाच्या पायथ्याशी ओलीचं साधन पुरलं, आणि घरी आबांच्या उशाला डबा ठेवला. मी फराळाला म्हणून गेले होते, तेव्हा ते शिकवणं चाललं होतं.

"हे गुरगुरतंय ते काय?" आबांनी विचारलं.

"ती ओल, आबा. रान ओलं असलं की आवाज जाड. सुकत चाललं की बारीक."

"आन ही किरकिर?"

"ते ऊन."

"मग ह्यो झोका देतोय कोण?"

"वारं."

आबांनी कान दिला, मान फिरवली. "उगं पिपाणी आणून ठिवलीस बाय. डोस्कं उठलं. बंद कर."

मॅडमनी बंद केली नाही. आवाज थोडा कमी करून त्या धाराशिवला परतल्या. काही दिवसांनी मला कॉलेजच्या व्हरांड्यात त्या पळत येताना दिसल्या. त्यांना पळताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आबांचा फोन आला होता. दुपारनंतर वारं पडलं का, असं त्यांनी विचारलं होतं. मॅडमनी आकडे काढून पाहिले. वारं पडलं होतं.

त्यानंतर आबांना डबा कळायला लागला. आणि तिथंच दत्ताच्या घराला घोर लागला.

ओल जरा कमी झाली, आवाज बारीक झाला, की आबांचा दत्ताला फोन. पाणी का सोडलं न्हाईस? मोटार का बंद हाय? काय करायलास तिकडं? दत्ता जेवायला बसला की फोन, बाजारात गेला की फोन. घरी आला की ओसरीतच उलटतपासणी. एका शनिवारी तो मॅडमना तुरीच्या शेंगा द्यायला कॉलेजात आला. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्या-उभ्याच बोलला.

"आक्का, तू आबाला डोळं न्हाय दिलं. माझ्या मागं मुकादम लावलास."

"मग वेळेवर पाणी दे."

"लाईट हाय का रानात वेळेवर? दिस-दिस लाईटच्या खांबाकडं बघत बसाय लागतंय. ते तुझ्या डब्यात वाजतंय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते वाजत नाही."

"मग अर्धंच सांगतंय की ते," दत्ता म्हणाला आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार. पण उलटंच झालं. पुढं बरेच दिवस बेंबळीहून चांगल्याच बातम्या येत राहिल्या. ओलीचा आवाज जाड, भरदार. आबा खूष. दत्ताला शिव्या नाहीत. मॅडम तर इतक्या मऊ झाल्या की स्टाफरूममध्ये मॅच बिनधास्त चालू लागली.

गहू ओंबीत आला असेल तेव्हा, एका रविवारी आम्ही दोघी त्यांच्या स्कूटरवर बेंबळीला गेलो. आबा बाजेवर मांडी घालून बसले होते. चेहरा उजळलेला. उशाशी डबा घुमत होता.

"ऐका बाई," ते मला म्हणाले. "कसं गुरगुरतंय बघा. गहू पाणी पिऊन टंच बसलाय. दत्त्या लई राबलाय औंदा."

आम्ही रानात गेलो. गहू वितीएवढा राहून पिवळा पडला होता. जमिनीला भेगा होत्या. चालताना पायाखाली ढेकळं फुटत होती. त्या सगळ्या पिवळ्या रानात खांबाभोवती मात्र, परातीएवढ्या जागेत, हिरवागार गहू दाटला होता. त्यात हरळीसुद्धा माजली होती. तिथली माती काळी आणि ओली होती, आणि बांधाला एक प्लॅस्टिकची घागर पालथी ठेवलेली.

मॅडम खाली बसल्या. ओल्या मातीत बोट घालून पाहिलं, मग हातभर लांबच्या भेगेत घातलं. दत्ता लांबून येताना दिसला. घागरीकडं आमची नजर गेलेली त्यानं पाहिली आणि लपवाछपवी केली नाही.

"काय करू, आक्का," तो म्हणाला. "लाईट येती तवा पाणी न्हाय, हिरीत पाणी साचतंय तवा लाईट जाती. सांगून सांगून दमलो. म्हाताऱ्याला पटंना. म्हणलं, हितं घागरभर वतली तर तिकडं त्यो निवांत ऱ्हातोय. कुणाचं काय गेलं?"

"गव्हाचं गेलं."

"गव्हाचं तसंबी गेलंच हुतं."

परत येताना मी त्यांना म्हटलं, मॅडम, सांगू नका. म्हातारं माणूस आहे, समाधानात आहे. त्या चालता चालता थांबल्या. "म्हणजे मीपण 'झकास हाय, आबा' म्हणू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. आबांसमोर जमिनीवर बसून, एकेक गोष्ट. गहू केवढा आहे, रंग कसा आहे, भेगेत बोट किती जातं. दत्तानं घागर का ओतली तेही सांगितलं, लाईटचं सांगितलं, त्याची बाजू कुठं कमी पडू दिली नाही. दत्ता उंबऱ्यात उभा होता, त्याची बायको चुलीपुढं. सगळं बोलून झालं तरी डबा उशाशी घुमतच होता.

आबा दत्ताला काही बोलले नाहीत. त्यांनी तोंड मॅडमकडं वळवलं.

"तुला कुणी इचारलं हुतं का?" ते म्हणाले. "इतक्या दिसांनी जरा निवांत झोप यायली हुती. तेबी तुला बघवलं न्हाय."

मग त्यांनी हात लांब केला आणि वायर धरून भिंतीकडं चाचपडू लागले. त्यांना बोर्ड सापडेना. हात भिंतीवरून वरखाली फिरत राहिला. दत्ता पुढं झाला नाही. शेवटी मॅडमनीच उठून प्लग काढला.

येताना स्कूटर त्याच चालवत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "मी चुकले का, नंदाताई?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"हेच ते मोघम," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. बेंबळीहून परत आणलेला डबा प्रयोगशाळेच्या कपाटाखाली पडून होता आणि मॅडम सगळ्यांवर डाफरत होत्या. मुलांनी एकदा विचारलं, मॅडम, ते आवाजाचं मशीन आम्हाला प्रोजेक्टला देता का, तर त्यांनी त्या मुलांना असं काही झापलं की ती आठवडाभर तासाला फिरकली नाहीत. दत्ताचा फोन बंद. राखीला त्या बेंबळीला गेल्या. दत्तानं राखी बांधून घेतली, ओवाळणी टाकली आणि गोठ्याकडं निघून गेला. मला सांगताना त्यांचा आवाज कोरडा होता. "मी खोटं सांगितलं असतं तर सगळे जेवायला एकत्र बसलो असतो," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना पश्चात्ताप नव्हताच. त्यांना संताप होता, आणि तो नेमका कुणावर करायचा हे सापडत नव्हतं. लाईटवर करून काय उपयोग.

पुढं थंडी पडू लागली तेव्हा आबांनीच फोन केला. मी शेजारी होते. मॅडमनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"शैला, ते वारं तेवढं लावून दे मला."

"आणि ओल, आबा?"

"ओलीचं नको. ओलीचं दत्ता बघंल, रान त्याचं हाय आता. वारं दे. वाऱ्याला काय कुणी पाणी द्यावं लागत न्हाय."

फोन ठेवल्यावर मॅडम भडकल्या. सगळी मेहनत ओलीवर केली होती. कुठल्या मातीत किती ओल म्हणजे कसा आवाज, ह्यासाठी त्यांनी घरातल्या कुंड्यांवर कुंड्या वाळवल्या होत्या. वारा आपला सोबतीला म्हणून जोडलेला. "निव्वळ वारा ऐकून काय करणार? त्यानं काय कळतं?" असं दिवसभर चाललं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाखालून डबा काढला, आणि संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा कॉम्प्युटरसमोर बसून त्या प्रोग्रॅममधल्या ओलीच्या ओळी एकेक करून पुसत होत्या. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले.

त्याच सुमारास माझ्या नांदेडच्या बदलीची ऑर्डर आली. निघण्याआधी आबांना भेटावं म्हणून मी मॅडमबरोबर बेंबळीला गेले. डबा ओसरीत जोडून आम्ही रानात गेलो. ज्वारी पोटरीत आली होती, कणीस अजून पानांच्या आत. दत्तानं खांब जुन्या जागेवरून उपटून चिंचेजवळच्या उंच बांधावर आणला होता. बहीण-भाऊ अजून एकमेकांशी सरळ बोलत नव्हते.

"नंदाताई, त्याला सांगा, नीट धर म्हणावं. कलतोय."

"बाई, तिला म्हणावं, धरलाय. तूच तिरपी बघायलीस."

असं माझ्यामार्फत त्यांनी खांब उभा केला, दगड ठोकले, तारा आवळल्या. वाट्या फिरू लागल्या. घरी काय ऐकू येतंय हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून दत्तानं घरी फोन लावला. बायकोनं तो आबांकडं दिला.

"यायलंय का, आबा?" दत्तानं विचारलं.

आबांनी फोन सरळ डब्यापाशी धरला असावा. दत्तानं थोडा वेळ ऐकलं आणि मग फोन कानापासून जरासा लांब, मॅडमच्या बाजूला सरकवला. त्या वाकल्या. दोघांची डोकी त्या लहानशा फोनला टेकली. मीही जवळ गेले. आधी बांधावरून वारं यायचं, ज्वारी लवायची, माझा पदर उडायचा. आणि जरा वेळानं तेच वारं फोनमधून वर यायचं, हुंकारासारखं, आणि ओसरायचं.

मग रेंज गेली.

"परत लाव," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, थेट त्यालाच.

माझी गाडी चुकणार होती. मी दोघांचा निरोप घेतला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सडकेला लागल्यावर मागं वळून पाहिलं. खांब थोडा कललेलाच होता. दत्ता फोन उंच धरून रेंज शोधत बांधावरून पुढं चालला होता, आणि मॅडम एका हातानं साडी सावरत, दुसऱ्यानं त्याला दिशा दाखवत, त्याच्या मागं मागं.